सोन्याची दोन वळी

फडक्यावर उमटलेला डाग काळा असता तर मी त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. पाइपच्या वळ्याखाली तंबाखूचं कीट साचतं आणि ते काळंच निघतं. पण हा डाग हिरवट होता. मी फडकं व्हरांड्याच्या कडेला उन्हात धरलं, मग नाकाशी नेलं. पितळ घासल्यावर हाताला येतो तो आंबूस वास आला.

“ताराक्का,” मी आत हाक मारली, “डॉक्टर उठले का?”

“न्हाई अजून. चाराच्या ठोक्याला उठत्यात की.” स्वयंपाकघरातून ताराक्काचा आवाज आला. “का गं? चहा टाकू व्हय?”

“नको, राहू दे.”

माझ्या हातात सोन्याचं वळं असलेला पाइप होता. निदान तोवर तरी मी त्याला सोन्याचंच म्हणत होते. मी त्याच्या जोडीचा दुसरा उचलला, त्याच्या वळ्याची खालची कड काडीला गुंडाळलेल्या कापसानं जरा घासली. तोच हिरवा, तोच वास.

ही गोष्ट निपाणीची. तीस वर्षं होऊन गेली तिला. सगळ्या गावाच्या नाकात वखारीतली तंबाखू, आणि आमच्या डॉक्टर बोडसांच्या बंगल्यात मात्र डब्यातल्या विलायती तंबाखूचा गोडसर वास. डॉक्टर सत्तरीचे, बायको वारलेली, मुलगा मुकुंद मुंबईला मोठ्या हुद्द्यावर. घरात ते आणि स्वयंपाक करणारी ताराक्का. पाइप सात. पाचांच्या गळ्यात चांदीची वळी आणि दोघांच्या गळ्यात सोन्याची, चांगली बोटभर रुंद, एकेक दोन तोळ्यांच्या थोडं वर. डॉक्टरांच्या वडिलांनी कुठल्याशा संस्थानच्या राणीसाहेबांना मरणाच्या दारातून परत आणलं, तेव्हा सरकारांनी ते दोन पाइप दिले होते आणि वळी दरबारच्या सोनाराकडून चढवून घेतली होती.

आणि मी अनसूया टाकसाळे. आमचं घराणं उजाळणाऱ्यांचं. दागिने घडवणारे वेगळे, आम्ही त्यांना उजाळा देणारे. माझे वडील, त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, हातात पिशवी घेऊन घरोघर जायचे. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि पिशवी माझ्या हातात आली. चोवीस वर्षांची बाई उजाळायला येते म्हटल्यावर बायकांनी नाकं मुरडली. सोनं तिच्या हाती द्यायचं? डॉक्टर बोडसांनी पहिल्यांदा दिलं. “नानांची मुलगी म्हणजे नानाच,” असं ते चारचौघांत म्हणाले, आणि हळूहळू एकेक दार उघडलं. दोन वर्षांत माझी बावीस घरं झाली. त्या बावीस घरांच्या मुळाशी डॉक्टरांचा एक शब्द होता, हे मी कधी विसरले नाही.

पाइपचं वळं उजाळणं म्हणजे भांडी घासणं नव्हे. लाकूड आणि धातू अगदी अंगाला अंग लावून बसलेले असतात. लाकडाला पाणी लागलं की ते फुगतं, पूड लागली की रेषांमध्ये पांढरं राहतं. म्हणून आधी लाकडावर मेणकागदाची पट्टी बांधायची. मग चांदीला खडूची वस्त्रगाळ पूड आणि सोन्याला रिठ्याचा फेस, तोही बोटाच्या टोकावर मावेल इतकाच. कीट फारच चिकट असेल तर कडेला चिमूटभर विटकरीची पूड. शेवटचा हात नुसत्या अंगठ्याचा. पाइप गरम असताना दांडी पिळायची नाही, वळं सैल होतं, हे डॉक्टरांनी मला शिकवलं. बाकीचं सगळं नानांचं.

नानांचे आणखी दोन नियम होते. उजाळायची वस्तू गिऱ्हाइकाच्या दारातच उजाळायची, ती आपल्या घरात रात्र काढत नाही. आणि फडकं गिऱ्हाइकाच्या घरीच ठेवून यायचं. “सोनं झिजतंय ते फडक्यात जातंय,” नाना म्हणायचे. “ज्याचं सोनं, त्याचं फडकं.” म्हणून माझी सगळी फडकी डॉक्टरांच्या तंबाखूच्या एका रिकाम्या डब्यात जमा व्हायची.

दसऱ्यापासून डॉक्टर म्हणत होते, “अगं, सोन्याच्या दोघांना कशाला त्रास देतेस? सोनं थोडंच काळं पडतं? चांदीचं बघ.” मी चांदीचंच बघत होते. पण त्या रविवारी मुकुंदराव आणि सूनबाई येणार होते. माझं आपलं उतावळं मन! सातही पाइप एका ओळीत झळकले पाहिजेत, डॉक्टरांचा मुलगा बघत राहिला पाहिजे. कपाटाची किल्ली कुठं असते ते डॉक्टर, ताराक्का आणि मी अशा तिघांनाच ठाऊक होतं. मी ती घेतली, कपाट उघडलं आणि ते दोन पाइप बाहेर काढले. हातात धरले तेव्हा थोडे हलके लागले. वाटलं, बऱ्याच दिवसांनी धरलेत म्हणून लागत असतील. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चारला डॉक्टर बाहेर आले. धोतराचा सोगा सावरत खुर्चीत बसले.

“डॉक्टर,” मी आवाज खाली करून म्हटलं, “तुमच्या घरात चोरी झालीय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही पाइप त्यांच्या पुढ्यात ठेवले, वळ्यांच्या कडा दाखवल्या, फडकं दाखवलं. “हे पितळ आहे. वर मुलामा दिलाय. खरी वळी कोणीतरी काढून नेलीत.”

डॉक्टरांनी पाइप उचलला. बराच वेळ फिरवून फिरवून पाहत राहिले. टेबलावर त्यांच्या शेजारी एक तसबीर पालथी ठेवलेली असायची, दोन वेण्यांच्या मुलीची. एकदा मी विचारलं होतं, ही कोण? “होती एक,” म्हणाले होते. ताराक्कानं मग स्वयंपाकघरात सांगितलं की ती त्यांची मुलगी, परजातीत लग्न केलं म्हणून भावानं तिचं नाव टाकलंय, आईचे दागिनेसुद्धा तिला मिळाले नाहीत. डॉक्टरांचा हात त्या तसबिरीवर टेकलेला होता.

“आणखी कोणाला सांगितलंस?” त्यांनी विचारलं.

“कोणालाच नाही. आधी तुम्हाला.”

“शाबास.” ते थोडे मोकळे झाल्यासारखे वाटले. “हे बघ अनू, खात्री झाल्याशिवाय मला कोणावर आळ घ्यायचा नाही. नानांकडे कसोटीचा दगड आहे ना? हे दोन्ही घरी घेऊन जा. त्यांना दाखव. रविवारी घेऊन ये, मग मुकुंदसमोर बसूनच बोलू.”

“घरी?” मी म्हटलं. “आमच्यात नेत नाहीत, डॉक्टर. नाना इथंच येतील की, मी हात धरून आणते.”

“त्या म्हाताऱ्याला एवढं चालवतेस? आणि लोक विचारतील, नाना कशाला आले?” ते हसले. “अगं, माझा विश्वास आहे तुझ्यावर. तू मला लेकीसारखी आहेस. माझ्यासाठी एवढं नाही करणार?”

लेकीसारखी म्हटल्यावर मी विरघळले. आई लहानपणीच गेलेली, नाना मायेचे पण बोलायला कोरडे. डॉक्टरांसारख्या माणसानं असं म्हणावं आणि मी नियम सांगत बसावं? मी मान डोलावली.

“ताराक्का,” डॉक्टरांनी मोठ्यानं हाक मारली, “अनू हे दोन पाइप घरी नेतेय बरं का! जरा रुमालात बांधून दे.”

ताराक्का पदराला हात पुसत आली आणि तिनं पाइप बांधले. मी मेणकागद गोळा केला, फडकं घडी घालून डब्यात टाकलं.

“हे फडकं जपून ठेवा, डॉक्टर,” मी जाता जाता त्यांना म्हटलं. “पाइप तुमच्या घरातून हलायच्या आधीच वळी पितळेची होती, याला पुरावा म्हणजे हेच. उद्या कोणी विचारलं तर दाखवता येईल.”

“हुशार आहेस,” डॉक्टर म्हणाले.

संध्याकाळी नानांनी रुमाल उघडला आणि काय आहे ते हातानं चाचपताच ताठ झाले.

“हे कुणाचं? हे इथं का आणलंस?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी कसोटीचा दगड काढला, वळं कडेला घासलं, मला रेघेवर तेजाबाचा थेंब टाकायला लावला. रेघ फसफसली आणि उडून गेली. नानांना ते दिसलं नाही पण वासावरून कळलं.

“पितळ,” ते म्हणाले. मग वळ्याच्या आतल्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं, नखाचा वास घेतला, पुन्हा फिरवलं. “अनू, इथं धुराचा मागमूस न्हाई. हे वळं चढवल्यापास्नं ह्यो पाइप एकदाबी पेटवल्याला न्हाई.”

“दसऱ्यापासून डॉक्टर चांदीचेच ओढतात.”

“का?”

“का म्हणजे? मला काय माहीत?”

नानांनी पाइप पुन्हा रुमालात गुंडाळले. “जा, आत्ताच्या आत्ता परत दिऊन ये.”

“नाना, अंधार पडत आला. आणि त्यांनी रविवारी बोलावलंय. विश्वासानं दिलंय त्यांनी.”

“त्यांनी विश्वासानं दिलंय, पर तू नियम मोडून घेतलंयस. जळता इस्तू पदरात बांधून आणलास, पोरी.”

मी त्यांच्यावर चिडले. तुम्हाला जन्मात कोणी लेकीसारखं म्हटलंय का, असलं काहीतरी वेडंवाकडं बोलले. ते ऐकून घेतलं त्यांनी. पुढचे दोन दिवस पाइप देवघरातल्या फडताळात होते आणि नाना त्या खोलीत झोपायला जाईनात.

रविवारी दहाच्या सुमाराला मुकुंदरावांचा ड्रायव्हर दारात आला. पाइप घेऊन बोलावलंय म्हणाला. मी ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसले. का, तर आज डॉक्टर मुलासमोर सांगणार होते की चोरी कोणी पकडली. मला वाटलं, मुकुंदराव उठून हात जोडतील. गाडीत बसताना मी नानांकडे वळून पाहिलं, ते उंबऱ्यावर बसले होते. मी हात हलवला, तो त्यांना दिसणार नव्हता तरी.

व्हरांड्यात सगळे होते. मुकुंदराव येरझाऱ्या घालत होते, सूनबाई शैलाताई झोपाळ्यावर बसल्या होत्या, डॉक्टर आपल्या खुर्चीत चांदीच्या वळ्याचा पाइप भरत होते. टेबलावर बाकीचे चार ओळीनं मांडलेले होते. गुरुवारी मीच उजाळलेले, छान चमकत होते.

“हे घरी कशाला नेलेस तू?” मुकुंदरावांनी मी पायरी चढायच्या आतच विचारलं.

“डॉक्टरांनीच सांगितलं. नानांकडून कसोटीवर पाहून घ्यायचं होतं.”

“कसोटीवर? कशासाठी?”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते अंगठ्यानं तंबाखू दाबत होते, अगदी मन लावून.

“डॉक्टर, सांगा ना यांना.”

तोवर शैलाताईंनी रुमाल उघडून पाइप उचलला होता. बायकांची नजर सोन्याच्या बाबतीत चुकत नाही. त्यांनी कडेवर नख घासलं. “अहो,” त्या म्हणाल्या, “हे पितळ आहे.”

“हो,” मी म्हटलं, “दोन्ही पितळेची आहेत. गुरुवारी मीच ते पाहिलं आणि मीच...”

“बाबा?” मुकुंदराव म्हणाले.

डॉक्टरांनी पाइप खाली ठेवला. शांतपणे बोलले, पेशंटच्या नातेवाइकांशी बोलावं तसं. “गुरुवारी दुपारी मी झोपलो होतो, मुकुंद. उठून आलो तर कपाट उघडं होतं आणि हे दोन्ही पाइप हिच्या हातात होते. घरी नेऊन नीट उजाळते म्हणाली. मी म्हटलं, ने.”

मला पहिल्यांदा वाटलं की ते विसरले. सत्तरीचं माणूस, विसरतं. मी त्यांना आठवण करून द्यायला लागले, खरंच! “नाही डॉक्टर, असं नाही झालं. मी तुम्हाला फडक्यावरचा डाग दाखवला, तुम्ही म्हणालात आळ घ्यायचा नाही, नानांना दाखव...” माझंच बोलणं मला तोतरं ऐकू येत होतं. कपाट मीच उघडलं होतं, पाइप माझ्याच हातात होते, ते मी नेलेही होते. त्यांच्या बोलण्यातलं जवळजवळ सगळं खरं होतं.

“ताराक्का!” मी ओरडले. “तू होतीस ना? तू सांग.”

ताराक्का दारात उभी होती, तोंडाला पदर लावून. “मला सायेब म्हणालं, अनू पाइप नेतीया, रुमालात बांधून दे. मी बांधून दिलं. तेवढंच ठावं हाय बया मला.”

“दोन दिवस होतं तुझ्या घरी,” मुकुंदराव म्हणाले. “आणि घरात काय, सगळं सामान मुलाम्याचं. सोपं आहे की.”

तेव्हा मला फडकं आठवलं. एकदम जीवात जीव आला. “थांबा,” मी म्हटलं. “पुरावा आहे माझ्याकडे. गुरुवारचं फडकं इथंच आहे, डब्यात. पाइप मी घरी न्यायच्या आधी इथं घासले, त्याचा हिरवा डाग आहे त्याच्यावर. डॉक्टरांना ठाऊक आहे. ताराक्का, डबा आण.”

ताराक्का आत गेली. डबा घेऊन आली. मी तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि झाकण उघडलं. आत काही नव्हतं.

“फडकी कुठं गेली?”

“ती व्हय?” ताराक्का भाबडेपणानं म्हणाली. “काल सकाळी सायबांनी बंबात घातली की. मी म्हटलं द्या हिकडं, मी घालतो, तर न्हाई म्हणालं. सवता बसून घातली, एकेक करून.”

डॉक्टर बोडसांनी आयुष्यात कधी बंबात ढलपी घातली नव्हती. त्यांचं पाणीसुद्धा ताराक्का काढून ठेवायची.

“फडक्यांचं काय घेऊन बसलीस आता?” मुकुंदराव म्हणाले. त्यांना काहीच कळलं नव्हतं. शैलाताईंनाही नाही, ताराक्कालाही नाही. कळलं ते मला. आणि ज्यानं केलं त्याला. आणखी कोणाला सांगितलंस, हे त्यांनी का विचारलं होतं. वळी कोणी नेली हे का विचारलं नव्हतं. ताराक्काला मोठ्यानं हाक का मारली होती. लेकीसारखी का म्हटलं होतं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी काडी ओढली आणि पाइपला लावली. काडी विझली. त्यांनी दुसरी ओढली, तीही विझली. त्यांनी वर पाहिलं नाही.

“मी पोलिसांना बोलावतो,” मुकुंदराव म्हणाले.

“नको,” डॉक्टर म्हणाले. “पोलीसबिलीस नको. नानांचं वय बघ, डोळे बघ. पोरीच्या हातून चूक झाली. मी माफ केलंय तिला.”

“मी काही केलेलं नाही,” मी म्हटलं. “आणि हे तुम्हाला माहीत आहे, डॉक्टर.”

“जा, अनू,” ते म्हणाले.

चोर म्हणाले असते तर मी भांडले असते. अंगणात उभी राहून गाव गोळा केला असता. पण माफ केलं म्हटल्यावर काय भांडणार? केसानं गळा कापणं म्हणजे काय ते मला त्या सकाळी कळलं. जायच्या आधी शैलाताईंनी मी येताना व्हरांड्याच्या कोपऱ्यात ठेवलेली माझी पिशवी फरशीवर उलटी केली. खडूची पुडी, रिठे, मेणकागद, काड्या, कापूस. त्यांनी चपलेच्या टोकानं ते सगळं इकडेतिकडे केलं आणि मला उचलायला सांगितलं. मी ओणवं होऊन उचललं. डॉक्टर अंगणातल्या पेरूच्या झाडाकडे बघत होते.

घरी आले तेव्हा नाना उंबऱ्यावरच होते. मी सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “फडकं?”

“जाळलं,” मी म्हटलं.

“कुणी?”

“डॉक्टरांनी. स्वतः.”

नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी माझ्यावर एका क्षणासाठीही संशय घेतला नाही, हे एक मी देवाचे उपकार मानते. सोमवारी तीन घरांतून निरोप आले, ह्या आठवड्यात नको म्हणून. पुढच्या आठवड्यात निरोपही आले नाहीत. बाजारात बायका मला पाहून हातातल्या बांगड्यांवर पदर ओढायच्या. संक्रांतीच्या आधी आम्ही घर आवरलं आणि कोल्हापूरला आलो. तिथं सराफांच्या गुजरीच्या मागच्या बोळात मी सहा वर्षं दुसऱ्याच्या दुकानात भट्टी फुंकली, तेव्हा कुठं माझा स्वतःचा पाट मांडता आला. नाना तो पाट बघायला राहिले नाहीत.

डॉक्टरांनी हे का केलं, ते मला कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. जुगार, कर्ज, बाई, मनातल्या मनात मी त्यांच्यावर सगळे आळ घेऊन पाहिले. एकही नीट बसेना. मग एका दुपारी पन्नाशीची एक बाई बोळात नाव विचारत विचारत आली. अंगावर साधं सुती पातळ, चेहरा हसरा. तिनं माझ्यासमोर दोन पाटल्या ठेवल्या.

“उजाळून हव्यात. पुढच्या सोमवारी मुलाचं लग्न आहे, सुनेला घालायच्यात.”

मी पाटल्या हातात घेतल्या. बोटांत वजन आलं आणि माझा हात तिथंच थांबला. काट्यावर ठेवल्या, दोन्ही सारख्या, दोन तोळ्यांच्या थोड्या वर. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दोन वेण्यांची मुलगी तिथं होती, आता पिकलेल्या केसांची.

“तुम्ही अनसूयाबाई ना? निपाणीच्या?” ती म्हणाली. “माझे बाबा तुमचं नाव फार काढायचे. तिच्यासारखा हात नाही म्हणायचे, कधी उजाळायचं झालं तर तिच्याचकडे जा. मी प्रमिला. माहेरची बोडस.”

“या पाटल्या तुम्हाला कोणी दिल्या?” मला ठाऊक होतं, तरी मी विचारलं.

“बाबांनीच की!” तिचे डोळे भरून आले. “माझं लग्न घरात कोणाला पसंत नव्हतं. आईचं गुंजभर सोनं मला मिळालं नाही. ज्या मुलाचं आता लग्न आहे ना, त्याच्या बारशाला बाबा लपून पुण्याला आले आणि ह्या माझ्या हातात घातल्या. त्यांच्या पाइपांना सोन्याची वळी होती, ती मोडली माझ्यासाठी. दादाला कधी कळलं कसं नाही, देव जाणे!”

“आणि मी उजाळायला जायची कशी थांबले, ते सांगितलं का त्यांनी?”

“तुमचं लग्न झालं ना? तसं म्हणाले होते.” ती हसली. “तुमची आठवण काढायचे हो शेवटपर्यंत. लेकीसारखी होती म्हणायचे.”

त्या क्षणी मला पाटल्या तिच्या तोंडावर फेकाव्याशा वाटल्या. बापानं लेकीसाठी जीव टाकावा, त्याला कोण नाही म्हणतं? पण त्यासाठी दुसऱ्या बापाची लेक विकायची? माझा बाप आंधळा होऊन परक्या गावात मेला.

“माझं लग्न झालं नाही,” मी म्हटलं. “चोर ठरलेल्या मुलीला कोण करून घेणार? आणि तुमच्या दादाला कळलं होतं. सोनं गेलं हे त्यांना कळलं होतं. ते मी घेतलं असं तुमच्या बाबांनी त्यांना सांगितलं.”

मग मी सगळंच सांगितलं. फार वेळ लागला नाही. ती ऐकताना आधी मान हलवत होती, नाही नाही अशी. बंबाचं सांगितलं तेव्हा मान हलायची थांबली.

“ह्या तुम्ही ठेवा,” ती म्हणाली. पाटल्या तिनं माझ्याकडे सरकवल्या. “मला नकोत. मी सुनेला कशा घालू ह्या? ठेवा तुमच्याकडे.”

“नाही,” मी म्हटलं. “आमच्यात गिऱ्हाइकाची वस्तू घरात रात्र काढत नाही. एकदा काढली होती.”

ती रडत बसली. तिनं काही केलं नव्हतं, हे मला कळत होतं, पण तिला उगी म्हणावं असं मला वाटलं नाही. मी रिठ्याचा फेस केला, नवं फडकं फाडलं आणि तिच्यासमोर बसून दोन्ही पाटल्या उजाळल्या. आतून, बाहेरून, कडांना काडीनं, शेवटी अंगठ्यानं. सोनं उत्तम होतं. दरबारी सोनं, खोट नावाला नाही. इतकं सुरेख उजळलं की माझं मलाच वाईट वाटलं.

पाटल्या मी तिच्या हातात घातल्या. मग फडक्याची घडी केली आणि तीही तिच्या तळहातावर ठेवली.

“हे काय?” तिनं विचारलं.

“तुमचं आहे. ज्याचं सोनं, त्याचं फडकं,” मी म्हटलं. “घेऊन जा. आणि बंबात घालू नका.”